काटा लाल पट्ट्यात, इंजिन मात्र थंड
मे महिन्यात यावल तालुक्यात तलावातला गाळ काढताना पोकलेनची चावी फिरवताच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊ लागला. पहाटेचे इंजिन हाताला गार लागत होते, म्हणजे बिघाड कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) नव्हे, काट्यापर्यंत येणाऱ्या संकेताचा होता. मालकांनी तापमान मोजणारा नवा सेन्सर मागवायचे ठरवलेच होते. पण या सेन्सरचा विद्युत रोध उष्णता वाढली की घटतो आणि तो मीटरवर सुमारे २ किलोओहम, म्हणजे त्या वेळच्या हवेला साजेसा भरला. सेन्सरचा कनेक्टर काढल्यावर सर्किट तुटून काटा खाली यायला हवा होता, तो हललाही नाही, म्हणून मी सेन्सरपासून काट्याकडे जाणारी वायर चाचपत गेलो. ब्रॅकेटच्या धारेवर घासून तिचे आवरण गेले होते आणि उघडे तांबे लोखंडाला टेकले होते; त्यामुळे रोध जवळपास शून्य होऊन काट्याला इंजिन खूप तापल्यासारखे भासत होते. तेवढा तुकडा बदलून, डाख देऊन स्लीव्ह चढवली आणि वायर ब्रॅकेटपासून दूर बांधली.