रेड्डी १९६९ मध्येच राष्ट्रपती झाले असते तर? पर्यायी इतिहास असा रचा

पर्यायी इतिहास लिहायचा तर खऱ्या इतिहासात एकच फट शोधावी, आणि ती जितकी अरुंद तितकी चांगली. राष्ट्रपतिपदासाठी १९६९ ची निवडणूक घ्या. दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निकाल लागलेली ही एकमेव राष्ट्रपती निवडणूक आहे. ३ मे रोजी झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचा कल मात्र अपक्ष व्ही. व्ही. गिरींकडे, आणि जनसंघ व स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर चिंतामणराव देशमुख. गिरी जिंकले. आपल्याला रेड्डींना जिंकवायचे आहे.

पहिले काम आकडेमोडीचे. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. निवडून येण्यासाठी लागणारा कोटा ४,१८,१६९ होता, तो कुणीच गाठला नाही. बाद झालेल्यांची मते पुढच्या पसंतीनुसार वाटल्यावर गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. फरक १४,६५०. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. गिरींकडचे १२ खासदार रेड्डींकडे वळवले तरी गिरीच पुढे राहतात. १३ वळवले की रेड्डी ४,१२,९१५ आणि गिरी ४,१२,५८९. इथे हमखास एक चूक होते. चार खासदार फिरले की गिरी कोट्याखाली जातात, म्हणून तेवढ्यावरच निकाल उलटवला जातो. पण शेवटी दोघेच उरल्यावर ज्याची बेरीज मोठी तो निवडून येतो, कोटा गाठलेला असो वा नसो.

आता या १३ मतांना कारण द्या. मतदान गुप्त असते आणि पक्षादेश लागू होत नाही, त्यामुळे खऱ्या खासदारांची नावे घेऊन त्यांनी अमुक मत दिले असे लिहू नका. कारण वरच्या पातळीवर शोधा. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाशी बोलणी केली, आणि हेच निमित्त करून इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत देण्याचा आग्रह धरला. मग ती बोलणीच झाली नाहीत असे दाखवण्याचा मोह होतो. तो टाळा. दुसऱ्या फेरीपासून रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली, ती मुख्यतः देशमुखांच्या मतदारांकडून. बोलणी पुसली की ही भरही धोक्यात येते. त्यापेक्षा बोलणी राहू द्या, ती उघड होणे तेवढे लांबवा.

यानंतर राष्ट्रपतींच्या सहीचे प्रसंग तारखेनिशी मांडा. पर्यायी इतिहासाचा खरा कस इथेच लागतो, कारण भारतात राष्ट्रपती बदलला म्हणजे सरकार बदलत नाही. चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण हाती घेऊ नका: वटहुकूम १९ जुलैचा आहे, मतदान १६ ऑगस्टचे. नोव्हेंबरपासून मात्र जमीन सुपीक आहे. १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींना पक्षातून काढले गेले, पक्ष फुटला, आणि त्यांचे सरकार कम्युनिस्ट व द्रमुकच्या आधारावर टिकले. राष्ट्रपती भवनात रेड्डी असते तर सिंडिकेटचे, म्हणजे काँग्रेसमधल्या इंदिराविरोधी ज्येष्ठांच्या गटाचे, नेते बहुमत तपासण्याची मागणी घेऊन थेट त्यांच्याकडे गेले असते. सप्टेंबर १९७० मध्ये माजी संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक राज्यसभेत पडले आणि राजांची मान्यता राष्ट्रपतींच्या आदेशाने काढली गेली. १५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. रेड्डींनी सही लांबवली तर तो निकालही उरत नाही. शेवटचा प्रसंग २७ डिसेंबर १९७० चा, लोकसभा विसर्जनाचा.

प्रत्येक ठिकाणी राज्यघटना त्या काळची लावा. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागावे हे स्पष्ट शब्द ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये आले. सल्ला एकदा परत पाठवण्याची तरतूद ४४ वीने आणली. म्हणजे १९६९ चे रेड्डी संकेताने बांधलेले आहेत, शब्दाने नाहीत. त्यांना हटवायचे तर महाभियोगाला प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे दोन तृतीयांश लागतात, आणि फुटीनंतर तेवढे बळ कुणाकडेच नव्हते. पण म्हणून त्यांना बंडखोर करू नका. स्वभावाचा पुरावा आपल्या हातात आहे: १९७७ मध्ये ते खरोखर राष्ट्रपती झाले, आणि ऑगस्ट १९७९ मध्ये लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेल्या चरणसिंगांच्या सल्ल्यावरून त्यांनी लोकसभा विसर्जित केली. असा माणूस १९७० मध्ये विसर्जनाला सपशेल नकार देईल हे पटत नाही. आधी बहुमत सिद्ध करा म्हणून तो काही आठवडे मागेल, हे पटते. तेवढ्याने मार्च १९७१ ची निवडणूक पुढे सरकते आणि बांगलादेशच्या संकटात येऊन अडकते. मूळ फट लहान ठेवून इतका मोठा परिणाम मिळतो, म्हणून कथेचा जोर इथेच लावावा.

शेवट कुठे करायचा तेही आधीच ठरवा. रेड्डींची मुदत ऑगस्ट १९७४ मध्ये संपते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेसमोर त्यांना बसवायचे असेल तर आधी १९७४ ची निवडणूक त्यांना पुन्हा जिंकून द्यावी लागेल, आणि त्यासाठी वेगळी आकडेमोड करावी लागेल. १९७७ चा त्यांचा बिनविरोध विजयही इथे गृहीत धरता येत नाही. तेव्हा १९७९ चा पेच लिहिणार असाल तर राष्ट्रपती भवनात तेव्हा कोण होते ते आधी ठरवा.