जेटची टाकी भरली की पंप आपोआप बंद

मैदानावर रिमोटवर उडणाऱ्या माझ्या मॉडेल जेट विमानाची रॉकेलची टाकी भरायला बसलं की नेमकं कोणीतरी येऊन विचारतं, "काका, हे खरंच जेट इंजिन आहे?" एकदा असंच उत्तर देत बसलो आणि पाव लिटर रॉकेल गवतात गेलं. तेव्हा ठरवलं, आपोआप थांबणारा पंप करायचा.

पहिला प्रयत्न फसला. बाटलीला बाहेरून चिकटवायचा, आतल्या द्रवाच्या विद्युत गुणधर्मावरून पातळी ओळखणारा कपॅसिटिव्ह सेन्सर आणला होता. स्वयंपाकघरात पाण्यावर तपासला, दर वेळी पंप टचकन बंद. मैदानावर रॉकेल आलं तर सेन्सर ढिम्म! सेन्सर ज्यावर चालतो तो, पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, रॉकेलचा जेमतेम २. त्याच्या लेखी बाटली रिकामीच. तेव्हा चाचणी रॉकेलवरच घ्या.

आता स्टीलचा छोटा फ्लोट स्विच वापरतो, म्हणजे तरंगणारा गोळा वर-खाली झाला की चालू-बंद होणारा स्विच. तो विमानात नाही, बाहेरच्या ओव्हरफ्लो बाटलीत. टाकीच्या व्हेंटची, म्हणजे भरताना हवा बाहेर जायच्या तोंडाची नळी या बाटलीत सोडायची. टाकी काठोकाठ भरली की जास्तीचं रॉकेल बाटलीत उतरतं, फ्लोट उचलला जातो, पंप थांबतो. बाटली लहान घ्या, फ्लोट तळाजवळ बसवा आणि झाकणाला हवेसाठी भोक ठेवा. फ्लोट रॉकेलवर तरंगतो का, ते आधी वाटीत टाकून बघा. पाण्यावर तरंगणारा प्रत्येक फ्लोट इथे चालत नाही.

वायरिंग सोपं आहे. फ्लोट खाली असताना स्विच जोडलेला हवा. उलटं होत असेल तर फ्लोट काढून पालथा घाला. हा स्विच १२ व्होल्टच्या, दोन कॉन्टॅक्टच्या रिलेच्या (कॉइलमध्ये वीज आली की कॉन्टॅक्ट जोडणारा स्विच) कॉइलला सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक. रिलेचा एक कॉन्टॅक्ट चालू करायच्या बटणाला समांतर, दुसरा पंपाला. बटण दाबलं की रिले स्वतःला धरून ठेवतो. फ्लोट उचलला की सुटतो, आणि फ्लोट पुन्हा खाली आला तरी बोट लावल्याशिवाय चालू होत नाही. फ्लोटची वायर तुटली तरी पंप बंदच पडतो. कॉइलवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) विसरू नका, नाहीतर फ्लोटमधला रीड, म्हणजे चुंबकाने जुळणाऱ्या पातळ पात्या, कधीतरी चिकटतो आणि सगळी मेहनत वाया. रिलेचा डबा रॉकेलच्या वाफेपासून लांब ठेवा, त्याच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते.

भरताना पंप हळू चालवा. माझी टाकी ३ लिटरची, पंप मिनिटाला साधारण लिटरभर देतो. व्हेंटची नळी भरायच्या नळीपेक्षा बारीक असेल तर आत दाब साठतो आणि टाकीचा सांधा उकलतो. फ्लोटला त्यातलं काही कळत नाही. आणखी एक, बटण दाबण्याआधी इंजिनाकडे जाणारा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. इंजिनात रॉकेल साचलं तर स्टार्टला शेपटीतून ज्वाळा येते. सीओटूचा सिलिंडर माझ्या खुर्चीला टेकवलेलाच असतो.

पंप थांबला की भरायची नळी लगेच काढा. कॅन जमिनीवर आणि विमान टेबलावर असतं, रॉकेल पंपातून उलटं कॅनमध्ये उतरायला लागतं. मग व्हेंटची नळी काढा, बुडबुडे पकडणाऱ्या छोट्या टाकीत हवा राहिली नाही ना ते बघा, आणि व्हॉल्व्ह उघडा. तो मी दोनदा विसरलोय, इंजिन नुसतंच गरगरत राहिलं.