एमजीबीला डेल्कोशिवाय ठिणगी

डेल्कोची, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी आणि रोटर काढा, शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवून बघा. हाताला प्ले (ढिलेपणा) लागला तर पुढचं तुमच्यासाठी आहे. माझ्या १९७२च्या एमजीबीत, या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत, तो इतका होता की सीबी पॉइंटची (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्काची) फट फिलर गेजने कितीही जुळवली तरी टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण एका जागी ठरायची नाही. त्यात मे महिन्यात सोलापूरच्या विजापूर रोडवर भर दुपारी कंडेन्सर गेला. त्या दिवशीच ठरवलं, आता डेल्को नको.

मी अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो, त्यामुळे तारांची भीती नव्हती. निवडली ती फोर्डची ईडिस, डेल्कोशिवाय ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक पद्धत. क्रँकच्या पुलीवर ३६ जागांचं, एक दात कमी असलेलं चाक, त्याच्यासमोर सेन्सर, ईडिस मॉड्यूल, चार तोंडांचा कॉइलपॅक आणि अॅडव्हान्स (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी द्यायची ते) ठरवायला मेगाजोल्ट हा कंट्रोलर. मॉड्यूल आणि मेगाजोल्ट मी इंग्लंडहून मागवले. १ आणि ४ नंबरच्या प्लगला एकदमच ठिणगी मिळते, २ आणि ३ ला एकदम. जोडीतला एक सिलिंडर तेव्हा एक्झॉस्टवर असतो, त्याची ठिणगी वाया जाते, बिघडत काही नाही.

चाक इथेच कापून घेतलं. लोखंडीच हवं, अॅल्युमिनियम या सेन्सरला दिसत नाही. लेझर कटिंगवाल्याचा फोन आला, "साहेब, एक दात राहिलाय, भरून देऊ का?" त्याला आधीच सांगून ठेवा. भोक मात्र मागाचे सुटे भाग करणाऱ्या टर्नरकडून लेथवर करून घ्या, कारण चाक मध्यात बसलं नाही तर सगळंच फुकट. पुलीवर बसवल्यावर डायल गेज लावून फिरवून बघा.

इथे एक धोका आहे. या इंजिनाच्या पुलीत रबराचा थर असतो. इतक्या वर्षांत ते रबर कडक होऊन बाहेरची कडी सरकलेली असू शकते, म्हणजे तिच्यावरची टीडीसीची (पिस्टन सर्वात वर असतानाची) खूणही खोटी. म्हणून चाक आतल्या भागाला बोल्ट करा आणि टीडीसी स्वतः शोधा. पहिल्या प्लगच्या भोकात स्टॉपर बसवा, क्रँक हाताने पिस्टन टेकेपर्यंत फिरवा, खूण करा. मग उलटा फिरवून टेकवा, दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. यात माझा अख्खा रविवार गेला, पण उरलेलं काम याच्यावरच उभं आहे.

पिस्टन टीडीसीला असताना सेन्सरसमोर गाळलेल्या दातानंतरचा नववा दात यायला हवा. एक दात म्हणजे १० अंश, म्हणजे रिकामी जागा ९० अंश आधी सेन्सरसमोरून गेलेली असते. समोरून पाहता क्रँक घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, हे धरूनच मोजा. फट पाऊण ते एक मिलिमीटर. ब्रॅकेट जाड पट्टीचा करा, थरथरता कामा नये. सेन्सरची तार शिल्डवाली, प्लगच्या तारांपासून लांब.

वायरिंगआधी बॅटरी बघा. १९६७पर्यंतच्या एमजीबींना पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला) असतो, तो आधी बदलावा लागेल. नंतरच्या काही गाड्यांत कॉइलच्या वाटेवर बॅलास्ट (व्होल्टेज कमी करणारी) तार असते. कॉइलपॅकला पूर्ण १२ व्होल्ट हवेत, तेव्हा तिथून सप्लाय घेऊ नका. प्लग आणि तारा रेझिस्टरवाल्याच. मी एनजीके बीपीआर६ईएस लावले. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट डाव्या बाजूला आहेत, म्हणून मॉड्यूल उजवीकडे बसवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे महत्त्वाचं. मेगाजोल्टची व्हॅक्यूम नळी थेट मॅनिफोल्डमधून घ्या.

आता मेगाजोल्टकडून मॉड्यूलकडे जाणारी सिग्नलची तार सोडवा आणि इंजिन सुरू करा. सिग्नल नसला की ईडिस स्वतःहून १० अंशांवर चालतं. खऱ्या टीडीसीवरून नवी खूण केली असेल आणि टायमिंग लाइटखाली बरोबर १० दिसले, तर चाक जागेवर आहे. दिवा साधा वापरा. डायलवाला दिवा वाया जाणाऱ्या ठिणगीमुळे दुप्पट आकडा दाखवू शकतो.

डेल्को लगेच उपटू नका. तारा काढून तसाच ठेवा, भोकातून तेलही येणार नाही.

मॅपमध्ये, म्हणजे मेगाजोल्टच्या अॅडव्हान्सच्या तक्त्यात, मी आयडलला १२ अंश ठेवले आणि पूर्ण लोडला ३००० आरपीएमवर २८. या इंजिनाला ३२पर्यंत चालतं, पण आपलं साधं पेट्रोल तेव्हा ९१ ऑक्टेनचं होतं. मग तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, छत खाली करून चढलो. २५००च्या आसपास बारीक नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोक्यांचा आवाज) ऐकू आलं, तक्त्याच्या तेवढ्या घरात दोन अंश कमी केले आणि पुन्हा खाली जाऊन चढलो. दुसऱ्या खेपेला आवाज नव्हता.