हळदीचा डाग आणि मुलांचे ‘कशामुळे?’

सांगलीत हळदीला तोटा नाही, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला कार्यकारणभाव स्वतः पडताळायला शिकवण्यासाठी तिच्याइतके सोपे साधन मला दुसरे ठाऊक नाही. जुन्या पांढऱ्या सुती कापडावर हळदीचे पाणी लावून ते वाळू द्यावे. एका वाटीत साधे पाणी, तर दुसरीत कपडे धुण्याच्या साबणवडीचे पाणी घ्यावे. चुन्यानेही हळद लाल होते, परंतु तो डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

प्रथम दोन्ही वाट्यांतले थेंब एकाच जागी टाकावेत. डाग लालसर होतो, पण कोणत्या पाण्याने, हे कळत नाही. ही संदिग्धता मुद्दाम ठेवायची आहे. लॉरा शुल्झ आणि एलिझाबेथ बोनाविट्झ या बालमानसशास्त्राच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका पेटीचे दोन दांडे एकदमच दाबले गेल्याने कोणता दांडा पेटीतले कोणते खेळणे वर आणतो हे न उमगलेली मुले, नवी पेटी जवळ असूनही जुन्याच पेटीशी अधिक वेळ खेळत राहिली.

म्हणून उत्तर सांगण्याची घाई करू नये. “आता कसं शोधायचं रे?” एवढे विचारून थांबावे. मूल पुन्हा दोन्ही वाट्यांत बोटे बुडवील, तेही करू द्यावे. फारच अडले तर एक वाटी अलगद बाजूला सरकवावी.

शेवटी लाल डागावर लिंबू पिळण्याआधी काय होईल ते विचारावे, आणि अंदाज चुकला तरी दुरुस्त न करता पिवळा होत जाणारा डाग त्याला शांतपणे पाहू द्यावा.