कच्चे दगड शोधताना आणि विकत घेताना या चुका टाळा

दगड कापून, घासून, पॉलिश करून खडे बनवायची हौस कोकणात वाढते आहे, याचा मनापासून आनंद वाटतो. पण या हौसेत पैसा आणि मेहनत वाया जाते ती बहुतेक वेळा करवतीवर नाही, तर त्याच्या आधी, दगड निवडताना. आधी भेगा बघायच्या, मग कठीणपणा, आणि रंग सगळ्यात शेवटी. नवखी मंडळी नेमकं उलट करतात.

ओल्या दगडावर भुलणं

लाटेने भिजलेला दगड सुंदर दिसतोच. पाण्याने रंग खुलतो यात फसवणूक नाही, पॉलिशनंतर साधारण तसाच रंग येतो. फसगत होते ती भेगांच्या बाबतीत. विक्रेत्याने दगडाला तेल लावलं असेल तर ते भेगेत शिरतं आणि भेग दिसेनाशी होते. म्हणून तेलकट दगड आधी साबणाने धुऊन मागा.

मग पाण्यात बुडवून काढा, फडक्याने पुसा, सावलीत ठेवा आणि नुसतं बघत राहा. वरचा भाग लवकर सुकतो. भेगेत शिरलेलं पाणी मागे राहतं आणि तिथे काळपट रेघ उमटते. ती कुठून निघून कुठे जाते ते नीट बघा. एका कोपऱ्यात संपत असेल तर तेवढा कोपरा कापून टाकता येतो. दगडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला निघत असेल तर तो दगड परत ठेवा, रंग कितीही आवडला तरी. अकीक (इंग्रजीत अगेट) थोडा पारदर्शक असेल तर मागून मोबाईलचा टॉर्च धरा, आतल्या भेगेवर प्रकाश चमकतो. दोन दगड एकमेकांवर हलकेच वाजवले तर धड दगड खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द.

किनाऱ्यावरच्या गोट्यांची एक वेगळी अडचण असते. लाटांत एकमेकांवर आपटून त्यांच्या अंगावर नखाएवढ्या अर्धगोल खुणा पडतात. त्या वरवरच्या वाटतात, पण थोड्या आत उतरलेल्या असतात. तेवढा थर घासून जाणार हे धरूनच दगडाचा आकार जोखा.

आणि हातोडा जपून वापरा. आत काय आहे बघायला म्हणून दगड फोडला की चांगल्या भागातही नव्या भेगा जातात. बघायचंच असेल तर करवतीने पातळ काप काढा.

चुकीच्या जागी शोधणं

सड्यावर फिरताना लालभडक, जड खडे दिसतात आणि जास्पर, म्हणजे पॉलिश धरणारा लाल दगड, सापडला असं वाटतं. पण ते बहुधा जांभ्याचे असतात. जांभा हा मूळ खडक झिजून, कुजून झालेला दगड. तो सच्छिद्र असतो, त्यात लोह भरपूर, पण पॉलिश धरेल असा घट्टपणा नाही. चिरेखाणीत खडे शोधण्यात वेळ घालवू नका.

अकीक आणि गारगोटी काळ्या कातळातून, म्हणजे बेसाल्टमधून येतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या आणि त्या पुढे सिलिकाने, म्हणजे गारगोटी ज्याची बनते त्या द्रव्याने, भरल्या. खडक झिजला की हे गोळे सुटतात आणि ओढ्या-नद्यांतून खाली येतात. रायगड आणि रत्नागिरीकडे त्यासाठी बघावं. मालवण-वेंगुर्ल्याकडे गेलात की खडकच बदलतो, तिथे क्वार्ट्‌झाइट आणि नाइससारखे कितीतरी जुने खडक भेटतात. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, त्यामुळे पाऊस सरल्यावर, वाळू परत भरायच्या आत, ओहोटीला गोटे उघडे असतात.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते. किनाऱ्यावर मिळणारा माल बहुधा लहान असतो. मोठे काप काढायचे तर दगड विकत घ्यावा लागतो, आणि अकिकासाठी गुजरातेतली रतनपूर-खंभात ही जुनी वाट आहे.

स्फटिक दिसला की कापायला घेणं

विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत कातळाच्या पोकळीत अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे चमकदार स्फटिक मिळतात. ते कापू नका! अपोफिलाइटचा कठीणपणा मोहच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ४.५ ते ५, स्टिल्बाइटचा ३.५ ते ४, आणि दोन्ही ठरलेल्या पातळीवर सरळ फुटतात. त्यांची किंमत आहे तशाच स्फटिकात आहे, आणि निसर्गाने एवढं घडवून दिलेलं मोडण्यात काही अर्थ नाही. अकीक आणि गारगोटी ७ च्या आसपास असतात, त्यांच्यावर हात बसवा.

कठीणपणा बघायला बाटलीच्या काचेचा तुकडा पुरतो. दगडाच्या टोकाने काचेवर ओरखडा काढा आणि मग बोटाने पुसा. पुसला गेला तर तो दगडाचाच भुगा होता, म्हणजे दगड मऊ. राहिला तर काच कापली गेली.

अकिकाच्या मधोमध पांढरा भाग असेल तर तो कॅल्साइट आहे का ते बघा. खरवडून भुगा काढा आणि त्यावर व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. त्याचा कठीणपणा फक्त ३, त्यामुळे घासताना तो भाग आधी झिजतो आणि खड्डा पडतो. ‘कितीही घासलं तरी पॉलिश सारखं येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते.

रंगवलेला माल आणि काच

गडद गुलाबी, निळा, जांभळा अकीक बहुतेक वेळा रंगवलेला असतो. तो सच्छिद्र असल्याने रंग पितो. भेगांत आणि काठांवर रंग साचलेला दिसतो का ते भिंगातून बघा. ॲसिटोनच्या बोळ्याला रंग लागला तर प्रश्नच मिटला, पण लागला नाही म्हणून माल नैसर्गिक ठरत नाही. काळा ऑनिक्स, म्हणजे काळा अकीक, साखरेच्या पाण्यात मुरवून आम्लाने काळा करतात, तो रंग पुसून जात नाही. विक्रेत्याने रंगवलंय असं सांगून विकलं तर त्यात काही गैर नाही. न सांगता नैसर्गिकाच्या भावाने विकणं गैर आहे. दगड म्हणून काच विकली जात असेल तर तिच्यात गोल बुडबुडे दिसतात.

भावाचा हिशेब न लावणं

कोणी किलोने भाव सांगतो, कोणी ग्रॅमने, कोणी कॅरेटने. ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम, आधी सगळं एका मापात आणा. मग दगडाची वरची साल, भेगा आणि करवतीच्या पात्याची जाडी वजा करून उरेल तेवढ्याचाच भाव धरा. ऑनलाइन घेताना कोरड्या दगडाचा, उन्हातला, चारही बाजूंचा व्हिडिओ मागा, सोबत मोजपट्टी ठेवून. द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका. पहिल्यांदा थोडाच माल मागवा.

परवानगी न विचारता उचलणं

अकीक, जास्पर, क्वार्ट्‌झ (गारगोटी) हे २०१५ मध्ये गौण खनिजांच्या, म्हणजे ज्यांचे नियम राज्य सरकार करतं त्या खनिजांच्या, यादीत आले; त्यातली गारगोटी २०२५ मध्ये प्रमुख खनिजांत गेली. खाणीतून माल हवा असेल तर मालकाला विचारा, आणि पोतंभर उचलण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा. वनखात्याच्या जागेतला दगड वनोपज धरला जातो. गड-किल्ल्यांवरून काहीही उचलू नका. प्रवाळाला तर हातच लावू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

घेतलेला दगड तपासायचा म्हणून ग्राइंडरवर कोरडा घासून बघण्याचा मोह होतो. सिलिकाच्या धुळीने खंभातच्या अकीक कारागिरांची फुप्फुसं कायमची निकामी झाली आहेत. पाण्याची धार सोडूनच दगड घासा, मास्क लावा, आणि खाली साचलेला गाळ ओला असतानाच उचला.