वर्क ऑर्डरचा हिशेब: वीज बांधकामात या चुका टाळा

लाइन चार्ज झाली, म्हणजे तिच्यात वीज सोडली, की साइटवरच्या लोकांचे काम संपते आणि लेखा विभागाचे खरे काम तिथून सुरू होते. वर्क ऑर्डर, म्हणजे एका बांधकामाचा सगळा खर्च ज्या क्रमांकाखाली जमा होतो तो कामाचा आदेश, एकदा साइटवर संपते, एकदा वहीत. या दोन तारखांत जितके अंतर, तितका घोळ. वीज कंपन्यांच्या बांधकाम हिशेबातल्या बहुतेक चुका मला याच फटीत सापडल्या आहेत. म्हणून सुरुवात तारखेपासूनच करतो.

शेवटच्या बिलाची वाट पाहू नका

सगळ्यात महाग चूक हीच. फीडर, म्हणजे उपकेंद्रातून वीज पुढे नेणारी लाइन, मार्चअखेर चार्ज झाला. ठेकेदाराचे अंतिम बिल ऑगस्टमध्ये आले, मोजमापावरून वाद झाला, आणि ऑर्डर सप्टेंबरअखेर बंद झाली. तोवर रक्कम चालू भांडवली कामात, म्हणजे अपूर्ण बांधकामाच्या खात्यात, पडून राहिली. समजा खर्च 60 लाख, व्याजाचा दर वार्षिक 9 टक्के आणि मालमत्तेचे आयुष्य 25 वर्षे. सहा महिन्यांचे 2.70 लाख व्याज नाहक भांडवलात, म्हणजे मालमत्तेच्या किमतीत, गेले आणि 1.20 लाखांचा घसारा लागलाच नाही. एका फीडरवर मालमत्ता 3.90 लाखांनी फुगली. अशा ऑर्डर शेकड्यांनी असतात.

आंतरराष्ट्रीय लेखा मानक 16 सांगते की मालमत्ता वापरास तयार झाली की घसारा सुरू होतो. मानक 23 प्रमाणे, तयारीची जवळजवळ सगळी कामे उरकली की व्याज भांडवलात घेणे थांबते. किरकोळ रंगकाम किंवा बिलाची कागदपत्रे बाकी असणे, याने ही तारीख पुढे जात नाही. अमेरिकेच्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनच्या लेखापद्धतीत यासाठी खातीच वेगळी ठेवली आहेत: चालू काम 107 मध्ये, वापरात आलेले पण अजून वर्गवारी (खांब, तार अशी विभागणी) न झालेले 106 मध्ये, वर्गवारी झालेले 101 मध्ये. ही मधली पायरी मला फार शहाणपणाची वाटते. तुमच्याकडे खाते क्रमांक काहीही असोत, अशी एक जागा ठेवा. चार्जिंगचा अहवाल आला की रक्कम तिथे हलवा, न आलेल्या बिलांची तरतूद करा, घसारा सुरू करा. बारीक वर्गवारी नंतर सवडीने करता येते.

यासाठी चार्जिंगची तारीख लेखा विभागाला त्याच आठवड्यात कळायला हवी. ती ऑपरेशन विभागाच्या लॉगबुकात असतेच. तिथून ती मिळण्याची व्यवस्था लावून घ्या. साइट इंजिनिअरच्या आठवणीवर विसंबू नका, त्याच्या डोक्यात तोवर पुढचे काम असते.

जुने काय उतरवले, ते विचारा

नव्या खांबांची नोंद सगळे करतात. जुने खांब मात्र प्रत्यक्षात भंगारात जातात आणि वहीत वर्षानुवर्षे उभे राहतात. त्यांच्यावर घसारा लागत राहतो आणि मालमत्ता नोंदवहीतली खांबांची संख्या रस्त्यावरच्या संख्येशी जुळेनाशी होते.

एक ऑर्डर जवळून पाहू. 20 जुने खांब काढून 24 नवे उभे केले. गँगने सकाळी जुना खांब उतरवला, दुपारी शेजारच्या खड्ड्यात नवा उभा केला, आणि दिवसाच्या हजेरीत एकच ओळ लिहिली: ‘खांब बदलणे’. ती सगळी मजुरी नव्या खांबांच्या अंगावर पडली. खरे तर उतरवण्याची मजुरी वेगळी. समजा ती 90 हजार होती, जुन्या खांबांची मूळ किंमत प्रत्येकी 8 हजारांनी 1.60 लाख, आणि भंगाराचे आले 30 हजार. वर सांगितलेल्या अमेरिकी पद्धतीत 1.60 लाख मालमत्तेतून कमी होऊन साठलेल्या घसाऱ्याच्या, म्हणजे 108 च्या नावे पडतात. काढण्याचा खर्चही तिथेच नावे आणि भंगाराची रक्कम तिथेच जमा. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे उरलेले पुस्तकी मूल्य नफा-तोट्यात जाते. मार्ग कोणताही असो, उतरवण्याचे 90 हजार नव्या खांबांच्या किमतीत बसत नाहीत.

उपाय ऑर्डर उघडतानाच करायचा असतो. बदलीचे काम असेल तर एकाच क्रमांकाखाली दोन उपक्रमांक द्या, एक उभारणीचा आणि एक उतरवणीचा. हजेरीपत्रकावर दोन रकाने ठेवा. गँगप्रमुखाला तासांचा अंदाज मिनिटभरात सांगता येतो. तीन महिन्यांनी तोच प्रश्न विचारलात तर तो निम्मे-निम्मे म्हणेल. आणि एस्टिमेटमध्ये ‘बदली’ हा शब्द असूनही उतरवणीच्या उपक्रमांकावर शून्य दिसत असेल, तर ती ऑर्डर बंदच करू नका.

तार मोजून बघा

माल स्टोअरमधून निघाला म्हणजे तो खांबावर चढलाच असे नाही. दीड किलोमीटरच्या मार्गावर तीन तारा ओढल्या तर लागणार 4.5 किलोमीटर, त्यात झोळ (तारेचा लोंबता भाग) आणि जंपर (जोडणीचे छोटे तुकडे) यांसाठी थोडी वाढ. ऑर्डरवर 5.6 किलोमीटर कंडक्टर निघालेला दिसला तर जवळजवळ एक किलोमीटर तार कुठेतरी आहे. बहुधा ती साइटवरच्या ड्रमवर असते, नाहीतर शेजारच्या कामाला लागलेली असते. हे गणित करायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, अॅज-बिल्ट नकाशा, म्हणजे प्रत्यक्ष बांधले तसा दाखवणारा नकाशा, लागतो. बंद करण्याआधी स्टोअरचा इश्यू (दिलेल्या मालाची नोंद), परतीची स्लिप आणि नकाशा ही तीन कागदे शेजारी ठेवा. एका कामाचा माल दुसऱ्याला वापरला असेल तर हरकत नाही, पण बदलीची चिठ्ठी त्याच दिवशी झाली पाहिजे.

ट्रान्सफॉर्मर आणि मीटरच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. काही लेखापद्धतींत हे दोन्ही खरेदी होताच मालमत्तेत घेतले जातात, मग ते बसवलेले असोत की राखीव ठेवलेले. अशा ठिकाणी स्टोअरने ते नेहमीच्या मालासारखे ऑर्डरवर टाकले की एकच ट्रान्सफॉर्मर दोनदा भांडवलात येतो. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे हे स्टोअरकीपरला माहीत आहे का, ते आधी तपासा.

भांडवली की महसुली: वाद एकदाच मिटवा

एक इन्सुलेटर बदलला तर दुरुस्ती, म्हणजे महसुली खर्च. पूर्ण खांब त्याच्या साहित्यासह बदलला तर मालमत्ता, म्हणजे भांडवली. मधल्या सगळ्या प्रकारांवर दर महिन्याला नव्याने वाद घालणे ही वेळेची नासाडी आहे. कोणती वस्तू स्वतंत्र एकक म्हणून धरायची याची लेखी यादी करा. एकक पूर्ण बदलले तर जुने काढा, नवे घ्या. एककाचा छोटा भाग बदलला तर देखभाल. वादळानंतरच्या कामात ही यादी खास उपयोगी पडते. तेव्हा लोक आधी वीज सुरू करतात आणि ऑर्डर नंतर उघडतात, तसेच व्हायला हवे. पण मग सगळा खर्च एका गाठोड्यात येतो आणि बजेट जिथे शिल्लक आहे तिकडे तो ढकलण्याचा मोह होतो. हा मोह टाळा. किती खांब बदलले आणि किती फक्त सरळ केले, हा आकडा गँगकडून घ्या आणि त्यावरून खर्च फोडा.

ओव्हरहेडचा ठरीव टक्का

ओव्हरहेड, म्हणजे थेट एका कामाचा नसलेला कार्यालयीन खर्च, ऑर्डरवर किती टाकायचा? ‘आमच्याकडे पहिल्यापासून 15 टक्के लावतात’ हे उत्तर लेखापरीक्षणात टिकत नाही. नियोजन, आरेखन आणि देखरेख करणाऱ्यांचा जो वेळ खरोखर बांधकामावर गेला, तेवढाच भाग ऑर्डरवर यावा, आणि त्यासाठी वेळेची नोंद किंवा ठरावीक काळाने केलेला अभ्यास हवा. आंतरराष्ट्रीय मानक 16 तर सामान्य प्रशासकीय खर्च मालमत्तेच्या किमतीत घेऊच देत नाही. स्वतः बांधलेल्या मालमत्तेत असाधारण नासाडीचा खर्चही घेता येत नाही. खड्डा चुकीच्या जागी खणून बुजवला, तर तो खर्च ग्राहकाच्या दरात पंचवीस वर्षे वसूल होत राहणे योग्य नाही. दर ठरवताना भांडवली खर्च मोजला जातो, म्हणून इथली हयगय शेवटी वीज बिलापर्यंत पोचते. मला या विषयात एवढा रस आहे तो त्यामुळेच.

वाटणी करताना मालाच्या किमतीच्या मागे जाऊ नका

ऑर्डर बंद करताना मजुरी, वाहतूक आणि ओव्हरहेड एककांवर वाटावे लागतात. सॉफ्टवेअर बहुधा मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटते आणि कोणी ते तपासत नाही. त्याच 60 लाखांच्या ऑर्डरचे उदाहरण घ्या, आणि वरचे 24 नवे खांब तिच्यातलेच होते असे समजा. उतरवणीचा खर्च आधीच बाजूला काढला आहे असे धरा. माल 40 लाखांचा: खांब 10, तार 20, ट्रान्सफॉर्मर 10. उरलेले 20 लाख किमतीच्या प्रमाणात वाटले तर खांबांना 5 येतात. पण खड्डे खणणे, काँक्रीट आणि खांब उभारणे यातच बहुतेक श्रम जातात. ट्रान्सफॉर्मर क्रेनने उचलून चढवला की झाला. श्रमाच्या प्रमाण तासांनी (प्रत्येक कामाला लागणारे ठरीव तास) वाटणी केली आणि खांबांच्या वाट्याला 11 लाख आले, तर 24 खांबांची किंमत 15 ऐवजी 21 लाख होते. म्हणजे एका खांबाला 62,500 ऐवजी 87,500. उद्या ट्रक धडकून एक खांब पडला, की वहीतून काढायची रक्कम हीच असते.

अडकलेल्या ऑर्डर कशा सोडवाव्यात

महिन्यातून एकदा उघड्या ऑर्डरची यादी काढा आणि लक्षणे वाचा. 90 दिवसांत एकही नोंद नाही? काम थांबले आहे किंवा संपून विसरले गेले आहे. साइटवर फोन करा. काम खरोखर बराच काळ थांबले असेल तर त्या काळाचे व्याजही भांडवलात घेणे थांबवा. माल आहे पण मजुरी शून्य? हजेरी दुसऱ्या क्रमांकावर गेली आहे. एस्टिमेटच्या 60 टक्क्यांतच काम पूर्ण? ठेकेदाराचे बिल यायचे आहे. बाकी उणे दिसते? बहुधा परतीचा माल चुकीच्या ऑर्डरवर जमा झाला आहे, किंवा ग्राहकाने कामासाठी भरलेले अंशदान आले आणि खर्च दुसरीकडे पडला. बंद ऑर्डरवर उशिरा आलेल्या बिलासाठी ती पुन्हा उघडण्याची रीत ठरवून ठेवा, नाहीतर लोक ते बिल जी ऑर्डर उघडी असेल तिच्यावर टाकतात.

रद्द झालेल्या कामांकडेही बघा. सर्वेक्षण झाले, मार्ग नाकारला गेला आणि खर्च ‘पुढे कधीतरी’ म्हणून चालू कामात पडून राहिला, असे होऊ देऊ नका. प्रकल्प सोडला तर तो खर्च त्याच वर्षी नफा-तोट्यात न्यावा.

शेवटी या यादीची बेरीज मुख्य खातेवहीतल्या चालू भांडवली कामाच्या शिलकीशी जुळवा. फरक लहान आहे म्हणून सोडू नका. दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन उरलेला तो फरक असू शकतो.