मायलोमाच्या रुग्णाची जीभ जाड होतेय? या चुका टाळा

कवळी बसेनाशी झाली, जीभ सारखी दाताखाली येते, बोलणं जड झालंय. मल्टिपल मायलोमाचा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचा रुग्ण ही तक्रार घेऊन येतो आणि आपण दंतवैद्य कवळी घासून देतो. हीच पहिली चूक. कवळी तीच आहे, वाढलीय ती जीभ.

मायलोमात बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी लाइट चेन नावाची प्रथिनं भरमसाट तयार करतात. साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत ती चुकीची दुमडून तंतूंसारखी अवयवांत साचतात. हा एएल अमायलॉइडोसिस, आणि साचलेलं ते प्रथिन म्हणजे अमायलॉइड. जीभ त्यातली डोळ्यांना दिसणारी जागा. खरा धोका हृदयाला आणि मूत्रपिंडांना.

म्हणून जीभ नुसती पाहू नका, हातमोजा घालून दाबून बघा. एरवी मऊ असणारी जीभ इथे घट्ट, ताठर लागते. कडेला दातांचे ठसे, कधी पिवळसर गाठी. मात्र नुसत्या ठशांवरून घाबरवूही नका. थायरॉइड कमी असलेल्यांची जीभही सुजते.

जांभळे डाग किंवा रक्ताचे फोड दिसले, की 'प्लेटलेट्स ठीक आहेत ना, मग झालं' असं म्हटलं जातं. मला ही चूक सर्वांत घातक वाटते. अमायलॉइडने रक्तवाहिन्या ठिसूळ होतात, शिवाय रक्त गोठवणारा फॅक्टर दहा त्यात अडकून कमी पडू शकतो. दात काढण्याआधी किंवा बायोप्सीआधी पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या चाचण्या करून घ्या. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड चालू आहे का, हेही विचारा. त्या औषधामुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड मरू शकतं.

बायोप्सीसाठी तुकडा थेट जिभेचा घेण्याची घाई नको, रक्त थांबता थांबत नाही. पोटाची चरबी किंवा खालच्या ओठातल्या छोट्या लाळग्रंथी पुष्कळदा पुरतात. लॅबच्या फॉर्मवर 'काँगो रेड' लिहायला विसरू नका. तो रंग दिल्यावर ध्रुवीकृत प्रकाशात अमायलॉइड सफरचंदी हिरवं चमकतं. नेहमीच्या रंगात ते नजरेतून सुटू शकतं. एक नमुना निगेटिव्ह आला म्हणून शंका सोडू नका.

तोंडाची कोरड 'केमोमुळेच' म्हणून सोडून देऊ नका, लाळग्रंथींतही हेच साचतं. आणि जिभेसोबत पाय सुजणं, दम लागणं, लघवीला फेस येणं किंवा डोळ्यांभोवती जांभळे डाग असतील, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञांना फोन करा.